पीक : इतर

हरसूलच्या सेवा केंद्रात पंखा एक, खुर्च्या तीन,
सर्व्हर बहुतेक वेळ झोपलेला.
प्रणिल म्हणाला, मावशी, पिकाचं नाव?
करटुली, मी म्हटलं.
त्याने यादी खाली ओढली.
द्राक्ष आलं, डाळिंब आलं, कांदा दोनदा आला,
स्ट्रॉबेरीसुद्धा आली,
जी सुरगाण्याच्या माझ्या भाच्याला
परवापरवापर्यंत चित्रातच ठाऊक होती.
करटुली नाही.
काटवल बघ, म्हटलं. कंटोली बघ. रानकारली बघ.
सगळ्यात तळाशी, विहिरीतल्या गाळासारखं,
‘इतर’ सापडलं.
त्याने टिचकी मारली
आणि मी अठरा गुंठ्यांसकट इतर झाले.

श्रावणात गंगापूर रोडला पाटी घेऊन बसते
तेव्हा गाड्या थांबतात,
काचा खाली होतात, बाया ओरडतात :
करटुली आहेत का?
त्यांना नाव लगेच सापडतं.

सातबाऱ्यावर मी मथुराबाई लहानू भोये,
आधारवर मथुरा,
बँकेत एम. एल.,
माहेरी मथी.
माहेरची सोडून बाकीच्या तिघी एकच आहेत
असं स्टँपपेपरवर लिहून दिलं.
मंडपाच्या तारेचं कोटेशन
द्वारकेजवळच्या दुकानातून आणलं,
त्यावरचा शिक्का फिका निघाला,
परत गेले. एसटीचं अर्धं तिकीट,
शिक्का पूर्ण.

एप्रिलात खंबाईत साहेब पाहणीला आले.
उघडं शेत. बांबू, जुनी तार, वाळकं गवत.
पीक कुठंय?
खाली आहे, साहेब.
खाली म्हणजे?
झोपलंय. कंद आहेत. जूनमध्ये उठतील.
त्यांच्या मोबाईलवर अक्षांश आले, रेखांश आले,
पीक काही येईना.

वेल किती?
चारशे.
सगळ्यांना फळ?
तीनशे साठांना.
मग हे चाळीस?
नर आहेत.
म्हणजे फळ नाहीच? मग मोजायचे कशाला?

आता काय सांगू.
पहाटे बॅटरी कपाळाला बांधून
नराचं फूल तोडते, मादीच्या फुलाला टेकवते,
ओळ संपली की दुसरी ओळ,
काटे, डास, ओल्या पदराचा गारठा.
जाऊ हसते, म्हणते,
निघाली बघा लग्नं लावायला.
हे सगळं त्या रकान्यात बसत नव्हतं.
रकाना दोन आकड्यांपुरता होता की तीन,
तेही आता आठवत नाही.

साहेब वाईट नाहीत.
त्यांनी पाणी मागून घेतलं, सावली शोधली,
म्हणाले, काहीतरी दाखवा, बाई,
वर पाठवायला.
मी खुरप्याने एक कंद उकरला,
मातीसकट तळहातावर ठेवला.
फोटो निघाला : माझा हात, कंद, साहेबांच्या टोपीची सावली.
हा नर की मादी?
फूल आल्याशिवाय कळत नाही.
ते थांबले,
अर्जावरच्या ‘लिंग’ या शब्दावरून बोट फिरवलं,
मग म्हणाले, नाही नाही, हे तुमच्यासाठी आहे.

आठ दिवसांनी मुलाच्या फोनवर मेसेज.
त्रुटी : छायाचित्रात पीक दिसत नाही.
मुदत एकतीस मे.

तो कंद मी परत शेतात नाही लावला.
तेलाच्या डब्यात माती भरून
माठाखाली ठेवला, जिथे दिवसभर थेंब पडतो.
रोज उठून बघते.
एकाला लवकर उठवायचं,
बाकीच्यांना झोपू द्यायचं.
नातवाला डब्याजवळ ओरडू देत नाही, कशाला ते मलाही माहीत नाही.

काल कोंब फुटला.
नखाएवढा, हिरवा की पिवळा ते ठरवता येईना.
डबा पोटाशी धरून जीपने हरसूलला गेले,
प्रणिलला विचारलं,
एवढं दिसेल का रे फोटोत?
त्याने कोंबाकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.
म्हणाला, दिसेल मावशी,
पण फाईल दोनशे केबीच्या आत बसली पाहिजे.